हत्तीची देणगी

आमच्या बोळाच्या तोंडाशी एक बाई राहत. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. नवरा एका सरदाराच्या पथकात मोहिमेवर पडला होता आणि सरदारांनी वर्षासनाचा शब्द दिला होता. ते सालाचे पैसे हाती येईपर्यंत बाई अंगणातल्या फुटक्या घागरींत वांगी लावत. माती मात्र पार निकस झालेली.

एकदा सरदारांची स्वारी पर्वतीहून आमच्या रस्त्याने येणार होती. मी म्हटलं, "आज गाऱ्हाणं घाला."

बाई टोपली घेऊन उभ्या राहिल्या. हत्तीवरून सरदारांनी सगळ्यांना हात जोडले. हत्ती पुढे सरकल्यावर बाईंनी वाकून त्याची लीद टोपलीत भरली.

"अहो, बोलला का नाहीत?"

"त्यांनी शब्द दिलाय. तो घागरीत घालता येत नाही."

लीद पाल्यात कुजवून त्यांनी मातीत मिसळली. पुढे वांगी अशी लगडली की बाईंनी थोडी सरदारांकडेही पाठवली. लगेच वाड्यावरून शिपाई आला. "सरदारांना फार आवडली. आणखी हवीत."

"देते की," बाई म्हणाल्या. "हत्तीला पुन्हा इकडून पाठवा म्हणावं. सरदार नसले तरी चालेल."