थोरल्या घराचं पान

मूल नव्हतंच, नवराही गेला. रेशनकार्डावर मी एकटी उरले, तेव्हा वाटलं, वडिलांच्या रक्ताचं कोणी जगात आहे का, एवढं तरी पाहावं. भावंड मला नाही. म्हणून रामकुंडावर गेले. अस्थी घेऊन येणाऱ्या घराण्यांच्या वह्या तिथले उपाध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. कुंडापासून दोन चौकांवर माझा सगळा संसार झाला, पण स्वतःसाठी कधी विचारलं नव्हतं.

उपाध्ये चाळिशीचे. त्यांनी गाव आणि आडनाव विचारलं, मी सवयीनं सासरचं सांगितलं. त्यांचं अर्धं पान वाचून झालं तेव्हा लक्षात आलं.

"हे नव्हेत माझे. माहेरचं काढा, नांदगावाकडचं."

"आजी, आधी सांगायचं ना!"

"तुम्ही आधी विचारायचं, कोणाकडची म्हणून."

दुसरी वही निघाली. सुरुवातीची पानं मोडीत. मी चौथी शिकलेली, मला मोडी येत नाही. त्यांनी बोट ठेवून वाचलं. इंग्रजांच्या अमलात माझे पणजोबा बापाच्या अस्थी घेऊन आले होते. त्यांचे दोन मुलगे. थोरला माझा आजोबा. त्याचा एकच मुलगा, माझे वडील.

शेवटची नोंद साध्या अक्षरात होती, ती मीच वाचली. धाकट्या घरातला एक जण, नात्यानं माझा भाऊ, त्याच्या वडिलांच्या अस्थी घेऊन आला होता. मुक्काम इगतपुरी, रेल्वेत नोकरी. आणि थोरल्या घरापुढं त्यानं लिहिलं होतं: वंश नाही.

तेव्हा मी दोन चौकांवर भाकरी थापत असेन.

"मी मेले कधी?"

"तसं नाही, आजी. लेकीची नोंद सासरच्या वहीत असते."

"मग दाखवा तिथं."

त्यांनी पहिली वही पुन्हा उघडली. सासऱ्यांच्या अस्थी आणल्या तेव्हाची नोंद. नवऱ्याचं नाव आणि पुढं 'सपत्नीक'.

"म्हणजे ही मी," मी म्हटलं. ते हसले. मला हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात इगतपुरीला जाऊन आले. रेल्वेच्या चाळीत दुसरीच माणसं होती. तो रिटायर होऊन कुठं गेला, कोणालाच माहीत नाही.

परत कुंडावर गेले.

"माझं नाव घाला वडिलांच्या खाली."

"आमच्याकडं तशी पद्धत नाही, आजी."

"मग तुम्ही नका लिहू. पेन द्या."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि वही पुढं सरकवली. 'वंश नाही'च्या खाली मी लिहिलं: मुलगी आहे. नाव, पत्ता, फोन नंबर. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येतं.

वर्ष झालं. फोन नाही. ते पान उघडायचं तर त्या भावाच्या घरात कोणीतरी मरायला हवं, हे मला घरी आल्यावर सुचलं. तसं मी कोणाचं कशाला चिंतू? कदाचित तोच आधी जाईल, आणि त्याचा मुलगा ते वाचेल. फोन मी चार्ज करून ठेवते.