अंदाजबाईंनी शून्य दिलेलं सत्र

कारखान्यात तिला सगळे अंदाजबाई म्हणत. उद्या कोणत्या दुकानात किती ब्रेड पाठवायचे, हा आकडा तिच्या टेबलावरून निघे. अंदाज चुकला की गाड्या शिळे ब्रेड घेऊन परत येत. आवारात, बरोबर तिच्या खिडकीखाली, त्यांचे क्रेट रचले जात.

"लोकांच्या चुका फायलीत जातात," तिचा नवरा म्हणे, "तुझ्या थप्पी लावून ठेवतात." तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. एक काच फुटली की एकच फुटे, याचं त्याला समाधान होतं.

तिचा एक हट्ट होता. ड्रायव्हर लोक परतीच्या मालाचा रकाना कधीकधी रिकामा सोडत. काही परत आलं नाही, की आलं आणि लिहिलं नाही? ती प्रत्येकाला फोन करी.

"अहो बाई, काही नाही म्हणजे काही नाही!"

"मग शून्य लिहा. रिकामं म्हणजे शून्य नव्हे. एका शून्याला शाई किती लागते?"

सगळे हसत. ती फोन ठेवून पुढचा लावी. अशी वर्षं गेली. अलीकडे संध्याकाळी डोळे चुरचुरायचे आणि डावा गुडघा बोलायला लागायचा.

एका सोमवारी वहिनींनी तिला बोलावलं. वहिनी म्हणजे मालकांची सून. आता कारखाना त्याच बघत.

"अंदाजाचं काम बाहेरच्या कंपनीला द्यावं, असं घरात चाललंय," वहिनी म्हणाल्या. "पण तुम्ही आधी शनिवारच्या त्या डेटावाल्यांच्या परिषदेला जाऊन या. नवीन काय ते शिकून या. आपल्यालाच जमेल का ते सांगा. मग ठरवू."

जमेल म्हटलं तर विभाग राहणार होता. विभाग म्हणजे ती आणि पट्टी. स्क्रीनवरच्या आकड्यांच्या ओळीखाली लाकडी पट्टी धरल्याशिवाय त्याला वाचता येत नसे, म्हणून तो पट्टी. त्याच्या घरात दोन लहान मुली, बायकोची नोकरी नुकतीच सुटलेली.

परिषदेत सहा दालनं होती आणि प्रत्येक तासाला सहाही दालनांत काहीतरी चालू असणार होतं. फोनवरच्या ॲपमध्ये सगळा कार्यक्रम दिसे. तिला खरं तर एकच सत्र हवं होतं. चार वाजताची कार्यशाळा, छोट्या कारखान्यांनी मागणीचा अंदाज स्वतः कसा बांधावा. मोजक्या खुर्च्या होत्या. पण ती जाणार ही बातमी फुटली आणि ज्याला त्याला काहीतरी हवं झालं. अकाउंटंटला खोटी बिलं कशी ओळखायची ते. गाड्यांच्या मुकादमाला रस्ते. वहिनींना यंत्राची बुद्धी, "म्हणजे जे काय असेल ते."

ती रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसली. प्रत्येक सत्राला गुण दिले. उपयोगाचे गुण अधिक, दालनं लांब असतील तर उणे, मध्ये जिना असेल तर आणखी उणे. जिन्याचे गुण गुडघ्यानं ठरवले.

"काय चाललंय काय?" नवऱ्यानं विचारलं.

"एकाच वेळी सहा ठिकाणी बसायचंय."

"मला पसंत करताना एवढा विचार केला होतास?"

"केला असता तर तू आज हे विचारायला इथे नसतास."

चार वाजताच दुसऱ्या दालनात आणखी एक सत्र होतं. पक्ष्यांच्या स्थलांतराचे नकाशे. सोबत एक चित्र होतं, काळ्या कागदावर बारीक पांढऱ्या रेषा. ती चित्राकडे जरा वेळ बघत राहिली. मग शून्य लिहिलं. विचार करून दिलेलं शून्य.

शुक्रवारी तिनं पट्टीला फोन दाखवला. शनिवारचा सगळा दिवस बसवून झाला होता. हव्या त्या प्रत्येक सत्रापुढे तारा.

पट्टीनं बघितलं. पुन्हा बघितलं. "आणि जागा?"

"या काय. तारे."

"बाई, तारा म्हणजे आवडलं एवढंच. जागा धरायचं बटण खाली असतं. हिरवं."

खाली बटण होतं. करडं झालेलं. कार्यशाळा भरली, प्रतीक्षा यादीत नाव घालावं, असं लिहिलं होतं.

तिनं ते तरीही दाबून पाहिलं. पट्टी म्हणाला, "आठवडाभर पानं मांडलीत, वाढलंत, आणि स्वतः बसायचं राहिलं." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यानं यादीत तिचं नाव घातलं. "येईल हो नंबर. कुणीतरी झोपून राहतंच."

शनिवारी सकाळपासून ती या दालनातून त्या दालनात गेली. खोट्या बिलांचं लिहून घेतलं. रस्त्यांचं लिहून घेतलं. यंत्राच्या बुद्धीचं दालन भिंतीपर्यंत भरलं होतं, ते उभं राहून ऐकलं. गुडघा सुजला. साडेतीनला ती कार्यशाळेच्या दारापाशी जाऊन थांबली.

"नंबर लागला तर फोनवर कळेल," दारावरची मुलगी म्हणाली. "इथे उभ्या राहू नका, आजी."

"मावशी म्हण गं. आजी व्हायला मला अजून वेळ आहे."

समोर एक स्टॉल होता. त्यात रिकामी खुर्ची होती. ती बसली, केवळ खुर्ची होती म्हणून. कोट घातलेला एक तरुण लगेच पुढे आला. त्याच्यामागे पडद्यावर त्यांच्या ग्राहकांची चिन्हं एकामागून एक सरकत होती. एक दूधवाले. एक औषधवाले. मग गव्हाची लोंबी आणि खाली वाकडी रेघ.

ती रेघ तिच्या ओळखीची होती. रोज परतीच्या क्रेटवर बघायची.

"हे कारखानेवाले..." तिनं बोट दाखवलं.

"आमचे नवे ग्राहक. मागच्याच आठवड्यात करार झाला. पहिल्या तारखेपासून सगळा अंदाज आमच्याकडे." तो हसला. "का? तुम्ही ओळखता?"

"मी तिथेच काम करते."

"अरे वा! कुठल्या विभागात?"

तिनं सांगितलं. त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे खाली गेले. त्यानं टेबलावरची कापडी पिशवी उचलून तिच्या हातात दिली. आत एक पेन होतं. "पाणी आणू का तुम्हाला?" तो म्हणाला, आणि खरंच आणायला गेला.

मागचा आठवडा. म्हणजे वहिनींनी तिला बोलावलं तेव्हा सही झालेली होती. परिषद ही शिकायला नव्हतीच. वहिनींना तोंडावर सांगता आलं नसावं. इतक्या वर्षांनी काहीतरी द्यावं, म्हणून हे दिलं असावं. तिला वहिनींचा रागही धड येईना.

फोन थरथरला. कार्यशाळेत एक जागा मोकळी झाली होती. हवी का, एवढंच विचारलं होतं. हो. नाही.

तिनं दाराकडे बघितलं. तिथे आता दुसरं कुणीतरी उभं होतं, हातात फोन धरून. तिनं 'नाही'वर बोट दाबलं.

पक्ष्यांच्या दालनाला जिना होता. ती कठडा धरून चढली. आत अंधार होता आणि बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. मागच्या ओळीत बसून तिनं बूट काढले. पडद्यावर एका करकोच्याची रेषा समुद्र ओलांडून गेली, वाळवंटावर आली आणि मध्येच संपली.

"मेला?" पुढून कुणीतरी विचारलं.

"ठाऊक नाही," नकाशे दाखवणारी बाई म्हणाली. "यानंतर आकडे नाहीत, इतकंच."

अंधारात पट्टीचा निरोप उजळला. 'मिळाली का जागा?'

तिनं उत्तराची चौकट उघडली. सोमवारपर्यंत गप्प राहता आलं असतं. दोन दिवस तरी तो मुलींशी धड बोलला असता. पण रिकामं सोडलं की माणूस आपल्या मनानं काहीतरी भरतो. तिनं एकेक अक्षर शोधत लिहिलं.

'मिळाली होती. गेले नाही. काम बाहेर द्यायचं आधीच ठरलंय, आपल्या दोघांचंही. संध्याकाळी घरी ये, सगळं सांगते.'

फोन पिशवीत ठेवला. पडद्यावर दुसऱ्या पक्ष्याची रेषा निघाली होती. तिनं डोकं मागे टेकवलं. डोळे मिटेपर्यंत ती रेषा चालूच होती.