"मारणारो खंय आसा?"

कुणी डोकं फुटून, ओठ फाटून किंवा हात कापून घेऊन आमच्या डिचोलीच्या सरकारी इस्पितळात आला, की जखमा बांधणाऱ्या ड्रेसरमामांचा पहिला प्रश्न हाच असायचा. कसं लागलं, कुठं लागलं हे विचारायला डॉक्टर होते, पोलीस होते आणि बातमीसाठी टपलेला मी होतो. मामांना मात्र मारणारा हवा असायचा. गंमत म्हणजे तो बहुतेक वेळा तिथंच सापडायचा. तुम्हीही कधी पाहिलं असेल, वैरी मारून पळून जातो, पण मित्राने मारलं तर तोच स्कूटरवर मागं बसवून इस्पितळात घेऊन येतो आणि मग बाहेर झाडाखाली नखं खात उभा राहतो.

"तेका आदी भितर हाडा," मामा सांगायचे. मारणारा आत आला की त्याला बेसिनपाशी उभा करायचे. "हात धू. साबण लाव. नखात लाव." मग त्याच्या हातात कापूस-बोळ्यांचा ट्रे द्यायचा. डॉक्टरांचे टाके घालून होईपर्यंत त्याने तो ट्रे धरून तिथंच उभं राहायचं आणि मान वळवायची नाही.

एवढ्यावर सुटका नव्हती. पुढचं प्रत्येक ड्रेसिंग दोघांनी मिळून करून घ्यायचं. "दोघांनी येवचा. एकटो इलो तर पट्टी सोडूचंय नाय," हा मामांचा कायदा. कुठल्याही सरकारी कागदावर तो लिहिलेला नव्हता. डॉक्टरीणबाई त्याकडे काणाडोळा करत, कारण त्यांना एक गोष्ट ठाऊक होती. या खोलीतून एकत्र बाहेर पडलेली जोडी पुन्हा तशाच कामासाठी आत येत नसे.

मामा मूळचे दोडामार्गापलीकडच्या एका खेड्यातले. नोकरीसाठी इकडे आले आणि बोली तिकडचीच घेऊन इथं तीस वर्षं राहिले. खाणी जोरात होत्या तेव्हा त्यांच्या टेबलावर खनिजाच्या ट्रकांखाली सापडलेले पाय यायचे. पुढं खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, आणि मग पोरांची डोकी यायला लागली. "लोखंड बंद झाला, तर पोरांका काय तरी फोडूक होया ना!" असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

असा माणूस मारामारीच्या पिक्चरांना शिव्या घालत असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण मामा त्यांचे पक्के शौकीन निघाले. दुपारी जरा उसंत मिळाली की मोबाईल औषधाच्या बाटलीला टेकवून उभा करायचे आणि चहात उंडो, म्हणजे आमच्याकडचा गोल कडक पाव, बुडवून खात खात फायटिंग बघायचे. बघता बघता धंद्याची टीका चालूच. "ह्यो दहा जणांचो मार खाऊन उठलो आणि नाचाक लागलो! अरे, तेचे टाके कोणी काढले? धनुर्वाताचा इंजेक्शन खंय घेतल्यान?"

एकदा मी जरा पत्रकारी आव आणून विचारलं, "मामा, या पिक्चरांमुळेच पोरं बिघडतात, असं लिहू का?"

"पिक्चर वायट नसता रे. अर्दो आसता, इतक्याच." त्यांनी उंड्याचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. "फुडचो भाग माझ्याकडे आसा. तो कोण बघणत नाय."

मी ते हसण्यावारी नेलं. माझा धंदाही अर्ध्या पिक्चरचाच होता. मी एका मराठी दैनिकाचा डिचोलीचा वार्ताहर. गुन्ह्याच्या बातमीला फोडणी कशी द्यायची हे मला चांगलं जमायचं आणि त्याचा मला अभिमानही होता, खोटं कशाला बोलू? मयेच्या तळ्यावर पोरांच्या दोन टोळक्यांत जुंपली, तेव्हा मी मथळा दिला: 'फिल्मी थाटात हाणामारी, पट्टा फिरवत तरुणाची एन्ट्री!' कमरेचा पट्टा सोडून तो हातात गरगर फिरवत पोरगा कसा चालून आला, याचं वर्णन मी असं काही रंगवलं होतं की मुख्य कचेरीतून शाबासकीचा फोन आला. मामांनी ती बातमी वाचली आणि एवढंच विचारलं, "तेचा ड्रेसिंग कोणी केला, ता खंय आसा ह्यात?"

त्यानंतर तीन आठवडे गेले असतील नसतील. एका सकाळी अकराच्या सुमारास इस्पितळातून एका ओळखीच्या शिपायाचा फोन आला. हायर सेकंडरीच्या पोरांची मारामारी, लवकर ये. मी वही खिशात टाकली आणि स्कूटर पिटाळली. रस्त्यात मथळाही जुळवत होतो.

ड्रेसिंगच्या खोलीबाहेर बाकावर मारणारा बसला होता. तो माझा मुलगा होता, साहिल.

आत टेबलावर ओंकार होता. बालवाडीपासूनचा त्याचा दोस्त. आमच्या घरी जेवणाला पान वाढताना कधी मोजायला लागू नये, इतका घरचा. डाव्या भुवईवर पट्ट्याचं बक्कल बसलं होतं. शर्ट रक्ताने भिजलेला. डोळा वाचला होता तो केसभराच्या अंतराने. कारण काय, तर ओंकारने ग्रुपवर साहिलच्या फोटोखाली काहीतरी चेष्टा केली. मग साहिलने मैदानात पट्टा सोडला. तिसरा एक पोरगा मोबाईलवर शूटिंग करत होता.

मी दारातून आत जायला निघालो. मामांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या खिशातून डोकावणाऱ्या वहीकडे पाहिलं.

"वही भायर ठेव. बापूस म्हणान येतंस तर भितर ये."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी कधी अशा आवाजात बोलले नव्हते. मी वही बाकावर ठेवली. मग साहिलला त्यांनी आत बेसिनपाशी नेलं. "नखात लाव," हे मी आजवर पन्नास वेळा ऐकलं असेल, पण त्या दिवशी माझ्या स्वतःच्या बोटांत कळ आली. पाच टाके पडले. साहिलच्या हातात ट्रे होता. चौथ्या टाक्याला त्याने मान वळवली, तेव्हा मामांनी त्याला कोपराने हळूच ढोसलं, पण ट्रे काही काढून घेतला नाही.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर ओरडलो. बाप म्हणून जे सुचलं ते सगळं बोललो. कुठं शिकलास हे, कुठल्या पिक्चरात बघितलंस? त्याने खाली मान घालून मोबाईल पुढं केला. त्यावर माझ्या बातमीचं कात्रण होतं. कुणीतरी त्याला धडाकेबाज संगीत लावलं होतं आणि 'पट्टा फिरवत' या शब्दांवर ज्वाळा नाचत होत्या.

"पप्पा, तें तुवेंच बरयिल्लें," तो म्हणाला. तो उलट बोलत नव्हता, खरं तेच सांगत होता. ते मीच लिहिलेलं होतं.

तेवढ्यात ओंकारची आई आली. बाजारात फुलं विकते ती. हातात अजून अर्धवट वळलेला गजरा तसाच होता. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं होतं, आता तक्रार द्यायची की नाही हे तिच्यावर होतं. मी हात जोडून काहीतरी पुटपुटलो. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "हें येतलें मरे तुमच्या पेपरार? काय तुमचो पूत म्हूण येवचें ना?"

मुलगा माझा म्हणून ही बातमी मी गाळणार का, एवढंच तिला विचारायचं होतं. तक्रारीचं काय ते टाके निघाल्यावर ठरवीन, असं सांगून ती लेकाला घेऊन गेली.

तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. तक्रार झाली तर साहिलचं पुढं काय होणार, हा घोर होताच. पण त्याहून मोठा घोर वेगळाच होता. पोरगा घरात कुणाशी बोलत नव्हता, आणि हा आता कोण म्हणून मोठा होणार हे मला दिसत नव्हतं. शिकवणी लावावी तशी मी त्याला एक दिवसाआड मामांकडे नेऊन सोडत होतो.

ड्रेसिंगच्या आधी मामा दोघांना अर्धा-अर्धा उंडो खायला लावायचे. "उपाशी पोटी रगात बघूचा नाय." पहिल्या दिवशी दोघांनी भिंतीकडे तोंड करून खाल्ला. दुसऱ्या खेपेला पट्टी सोडायचं काम मामांनी साहिलला दिलं. गॉज जखमेला चिकटला होता. साहिलने घाबरून ओढला आणि ओंकार कळवळला.

"ओढू नको. भिजव. भिजला काय आपसूक सुटतला," मामा म्हणाले आणि पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. साहिल थेंब थेंब सोडत राहिला. दहा मिनिटं तरी गेली असतील. रांगेतले लोक कुरकुरत होते, मामांनी तिकडं लक्षच दिलं नाही.

तिसऱ्या खेपेला मी दाराशी उभा होतो. साहिल वाकून पट्टी भिजवत होता. ओंकार छताकडे बघत एकदम म्हणाला, "व्हिडियो पळयलो हांवें. पट्टो फिरयतना तुजी पँट सकयल देंवताली."

साहिलच्या हातातली बाटली थांबली. मग साहिलच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. तो हसतोय असं मला वाटलं, पण तो रडत होता, आणि मग दोन्ही एकदम. मामांनी कात्री खाली ठेवली आणि भिंतीला टेकून पोट धरून हसले. "ह्याच! ह्याच दाखवणत नाय पिक्चरात! पट्टो काढल्यार पँट रवतली कशी?"

टाके काढायच्या दिवशी ओंकारची आई फुलांची टोपली शेजारणीवर सोपवून आली. साहिलने हात धुतले, ट्रे धरला. एकेक टाका निघत होता आणि ओंकारच्या आधी साहिलच डोळे मिटत होता. बाई बघत राहिली. सगळं झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "तक्रार दिवचें ना हांव. पूण पेपरार येवंक जाय."

तक्रार देणार नव्हती, पण बातमी तिला हवीच होती. मी लिहिलं. आयुष्यातली सगळ्यात अवघड बातमी. मुलं लहान म्हणून नावं घातली नाहीत, पण मारणारा या वार्ताहराचा मुलगा आहे, हे पहिल्याच वाक्यात लिहिलं. मग पाच टाके, चिकटलेला गॉज, अर्धा-अर्धा उंडो, घसरणारी पँट. मुख्य कचेरीतून फोन आला, "यात मसाला कुठाय?" पाचव्या पानावर निविदांच्या सूचनांमध्ये कुठंतरी ती छापून आली. तिला कुणी संगीत लावलं नाही.

मामांनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली. "आता पुरी झाली," म्हणाले. कुठल्याही शाबासकीने मला एवढं बरं वाटलेलं नाही.

पुढं ते निवृत्त झाले आणि गावी गेले. गेल्या वर्षी ते वारल्याचं कळलं, तेव्हा बाराव्याला आम्ही तिघं गेलो. साहिल आता कामाला लागलाय, ओंकारच्या भुवईत एक छोटी रेघ राहिलीय, तिथं केस उगवत नाहीत. या माणसाने माझा मुलगा मला परत दिला. त्याचे आभार मी त्याला कधी शब्दांत सांगितले नाहीत आणि तेवढी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

अंगणात मांडवाखाली माणसं बसली होती. घरच्यांनाही त्यातली फारशी ओळखीची नव्हती. जरा वेळाने माझ्या लक्षात आलं, की ती दोघं-दोघं बसली आहेत. डिचोलीचे, पेडण्याचे, पार वास्कोला नोकरीला गेलेलेही. प्रत्येक जोडीत एकाच्या कपाळावर, हनुवटीवर नाहीतर मनगटावर जुना व्रण, आणि दुसऱ्याला काहीच नाही.

शेजारच्या बाकावरच्या टकल्या गृहस्थाने सरकून आम्हाला जागा दिली. साहिल-ओंकारकडे पाहून तो हळूच हसला आणि मामांच्याच सुरात विचारलं, "तुमच्यातलो मारणारो कोण?"

साहिलने वर्गात करावा तसा हात वर केला. त्याच्याकडे बघून मग मीही केला.