साडभाऊंचा अर्ज आणि आमचे चौथे शुक्रवार

बुलढाणा जिल्ह्यातलं कुठलंही सरकारी टेबल घ्या, त्याच्यामागं बसलेला माणूस माझ्या साडभाऊंना ओळखतो, आणि ओळखतो म्हणजे घाबरतो. मी तर त्यांचा नातेवाईक, त्यात सरकारी नोकर, तेव्हा मला दुप्पट घाबरायचा हक्क आहे आणि तो मी मनापासून बजावत आलोय. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, माझी धाकटी. साडभाऊ नांदुऱ्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. माल कुणी दिला, कुणी घेतला आणि मधल्या मधे कुठं गहाळ झाला, एवढ्या तीन प्रश्नांत त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी हेच तीन प्रश्न राज्यकारभाराला विचारायला सुरुवात केली. माहितीच्या अधिकाराचा अर्ज ते असा लिहितात की वाचणाऱ्याला आपण काहीतरी चोरलंय असं वाटायलाच लागतं. इतर लोक शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी ठेवतात, हे कोर्ट फी स्टँप ठेवतात. न जाणो, रस्त्यात एखादं खातं भेटलं तर.

पोच घेतल्याशिवाय हा माणूस कुणाला काही देत नाही. एका दिवाळीत त्यांनी आमच्याकडं चिवड्याचा डबा पाठवला. डब्यात चिठ्ठी: 'डबा एक, झाकणासह. मिळाल्याची सही करून परत करणे.' मी हसलो, पण सही केली. तारीखही टाकली. एका लग्नात मंगलाष्टकं लांबली, तेव्हा थेट भटजींपाशी जाऊन यांनी विचारलं, "मुहूर्त बारा छत्तीसचा व्हता. उशिराचं कारन काय?" भटजी बिचारे आधीच घामाघूम, त्यांनी घाबरून दोन ओळी गाळल्या असाव्यात, कारण पुढच्या मिनिटाला अक्षता पडल्या. घरात मात्र त्यांची डाळ शिजत नाही. आज भाजी काय म्हणून विचारलं की माझी मेव्हणी स्वयंपाकघरातून सांगते, "माहिती उपलब्ध नाही." यावर त्यांनी आजवर अपील केलेलं नाही.

आता कुणाला वाटेल, माणूस खाष्ट असेल, रिकामटेकडा असेल. तसं नाही हो. हिवरा आश्रमाच्या वाटेवर एका बसथांब्याला छप्पर नव्हतं, त्याच्यासाठी हे गृहस्थ तीन उन्हाळे अर्ज करत होते. शेवटी कंटाळून का होईना, छपराचे पत्रे बसले. मी विचारलं, "भाऊ, तुम्ही त्या थांब्यावरून कधी बस धरता?" तर म्हणाले, "नाही. पन लोकं उन्हात उभे राह्यतेत ना." असा माणूस. त्यांच्यावर रागवायची सोयच नाही, आणि नुसतं प्रेम करत बसावं तर अर्ज कधी येईल सांगता येत नाही.

माझ्यावर तो आला मागच्या वर्षी. मी डोणगावजवळच्या एका गावात शाळेचा मुख्याध्यापक आहे; प्रभारी, म्हणजे काम सगळं आणि खुर्ची उसनी. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. वरून परिपत्रक आलं की मुलांच्या मनाच्या आरोग्यासाठी उपक्रम राबवायचा, दर महिन्याला समुपदेशक शाळेत येईल, मुलांशी बोलेल, त्याची नोंदवही ठेवायची. समुपदेशक म्हणून एक तरुण बाई जूनमध्ये आल्या. बिचाऱ्यांच्या वाट्याला किती शाळा होत्या देव जाणे. मुलांना मैदानात बसवलं, मागं बॅनर धरला, फोटो काढला, दहा मिनिटं बोलल्या आणि मेहकरची बस गाठली. त्यानंतर त्या आल्या नाहीत. मार्चमध्ये मात्र निरोप आला, वह्या पूर्ण करून पाठवा. आता वही पूर्ण करणं आणि काम पूर्ण करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आमच्या खात्यात पोरासोरालाही कळतं. मी एका दुपारी बसलो, दर महिन्याचा चौथा शुक्रवार धरला आणि दहाच्या दहा भेटी एका शाईत लिहून काढल्या. 'समुपदेशकाची भेट, विद्यार्थ्यांशी संवाद, समाधानकारक.' बाईंच्या सहीच्या रकान्यात लिहिलं, 'सही स्वतंत्र पत्रकावर.' ते पत्रक कुठं आहे हे आजवर कुणी विचारलेलं नाही. खाली माझी सही, शाळेचा शिक्का. रात्री झोपही चांगली लागली, खोटं कशाला बोलू.

आणि शाळा पुन्हा भरल्यावर तो अर्ज आला. जिल्ह्याच्या कार्यालयात दिलेला, तिथून तालुक्याला, तालुक्याहून केंद्राला आणि केंद्राहून प्रत्येक शाळेच्या डोक्यावर. आमच्या खात्यात काम नेहमी उताराकडंच वाहतं. अक्षर पाहिलं आणि सही बघायची गरजच उरली नाही. साडभाऊ! तीन तालुक्यांतल्या सगळ्या शाळांची माहिती मागितली होती. समुपदेशक किती वेळा आला. किती वेळ बसला. एकेका मुलाशी वेगळा बोलला की वर्गासमोर. त्याचं नाव, शिक्षण, भेटण्याचं ठिकाण. आणि शेवटचा प्रश्न: 'बोलल्यानंतर मुलांना बरे वाटले काय? असल्यास तशी नोंद.' मी बायकोला म्हटलं, तुझ्या बहिणीला फोन लाव, म्हणावं आपल्या माणसाला तरी वगळा. तिनं लावला. मेव्हणी म्हणाली, "ते म्हनतेत, नातं घरी अन् अर्ज टपालानं." झालं. मी वहीची झेरॉक्स काढली, साक्षांकित केली आणि पाठवून दिली.

चार दिवसांनी सहज भिंतीवरचं जुनं कॅलेंडर खाली काढलं. बायकोला त्याच्या पाठीमागं किराण्याची यादी लिहायची होती. माझी नजर ऑगस्टवर गेली आणि तिथंच बसली. चौथा शुक्रवार, आणि खाली बैलाचं चित्र. पोळा! अख्ख्या वऱ्हाडात त्या दिवशी माणूस सोडा, बैलसुद्धा कामाला जात नाही, आणि माझ्या शाळेत मात्र समुपदेशक येऊन विद्यार्थ्यांशी समाधानकारक संवाद करून गेला होता. माझ्या सहीनं. शिक्क्यासकट. अरे देवा. मुहूर्ताची मिनिटं न सोडणारा माणूस पोळा सोडणार होता का? त्या दिवसापासून माझी भूक गेली. शाळेत मोटारसायकल थांबली की मी खिडकीशी. पोस्टमन दिसला की मी दारामागं. चौकशी लागली तर पेन्शन अडकणार, गावात छी थू होणार, आणि तेही घरच्या माणसाच्या हातून. बायको म्हणायची, "त्यायले जाऊन खरं सांगून टाका ना." मी म्हणायचो, हो, उद्या. असे किती उद्या गेले.

मग त्यांचं पत्र आलं. मूळ नोंदवहीचं अवलोकन करण्यासाठी अमुक तारखेला शाळेत हजर राहत आहे. त्या सकाळी मी बीपीची गोळी दोनदा घेतली की घेतलीच नाही, आठवत नाही. अकराच्या बसनं ते उतरले. पायात कॅनव्हासचे बूट, काखेत फाइल, फडक्यात बांधलेली भाकर. ऑफिसात मी एकटाच होतो. चहा नको म्हणाले. वही पुढं ओढली, चश्मा लावला आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत चालले. जून, जुलै. ऑगस्टवर बोट थांबलं. मी टेबलाची कड घट्ट धरली.

"गुरुजी," ते म्हणाले, "हा मानूस पोळ्याच्या दिवशीबी आला व्हता?"

मी शिक्क्याची डबी उघडली आणि पुन्हा बंद केली.

"मी झेरॉक्सवर पाह्यलं तवाच घरी म्हनलं, असा मानूस पाह्यजे. बाकी शाळायचे कागद पाह्यले म्या. कुठं एक डाव आला, कुठं दोन डाव. तुमच्या इथं धाही महिने आला. सनासुदीलेबी आला. म्हनजे त्याले लेकरायची किती कळकळ असन." त्यांनी चश्मा काढला. "मले त्याचा पत्ता द्या. मी अर्ज म्हनून नाही मागून राह्यलो."

आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांची नात, मुलीची मुलगी, शिकायला त्यांच्याकडंच असते, यंदा नववीत. मागच्या दिवाळीपासून ती बोलेनाशी झाली होती. शाळेत जायची, यायची, भिंतीकडं तोंड करून बसायची. दोन घास खाल्ले तर खाल्ले. एकदा आजीला म्हणाली, मला सकाळी उठावंसंच वाटत नाही. तिच्या शाळेत विचारावं तर बोभाटा होईल, उद्या पोरीचं लग्न करायचंय, लोक काय म्हणतील. म्हणून साडभाऊंनी ही गोष्ट लपवायला तीन तालुके मधे घातले होते. गठ्ठेच्या गठ्ठे कागद मागवले, रोज रात्री वाचले आणि त्यांतून एक माणूस शोधला, ज्याच्यापुढं आपली नात बोलेल. तो माणूस माझ्या वहीत होता. आयुष्यभर कुणाच्या सहीवर विश्वास न ठेवणाऱ्या या माणसानं माझ्या सहीवर ठेवला, कारण मी घरचा.

त्या क्षणी साडभाऊंनी मला पकडलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं. मी म्हणालो, "भाऊ, असा कुणी नाही." त्यांना कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं: एक भेट, दहा मिनिटं, बॅनर, बाकी नऊ शुक्रवार मी या खुर्चीत बसून लिहिले. ते रागावले नाहीत. वहीकडं पाहत राहिले, ऑगस्टच्या ओळीवर बोट तसंच. मग म्हणाले, "मंग आता तिले कोनापाशी नेऊ?"

ज्यानं सगळ्या जिल्ह्याला प्रश्न विचारले त्याचा हा प्रश्न मला आला. मी एवढंच म्हणालो की मी येतो. पुढच्या मंगळवारी आम्ही तिघं बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतात हे एका सहकाऱ्याकडून कळलं होतं. बसमध्ये पोरगी खिडकीशी बसली होती. साडभाऊंनी तिचं दप्तर मांडीवर धरलं होतं. दवाखान्यात दप्तर कशाला, हे मी विचारलं नाही. डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलले, अर्धा तास. बाहेर बाकावर साडभाऊ बसले होते, हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवून. ती बाहेर आली, डोळे लाल होते. म्हणाली, "आबा, भूक लागली." आम्ही दोघं म्हातारे एकमेकांकडं न बघता उठलो.

अजून पंधरवड्याला ते तिला घेऊन जातात. बरी आहे म्हणतात, काही दिवस बरी, काही दिवस नाही. मी त्यांच्या अर्जाला सुधारित उत्तर पाठवलं: भेट एक, वेळ दहा मिनिटे, उर्वरित नोंदी प्रत्यक्षात झालेल्या नाहीत. वरून काय येईल याची धास्ती आजही आहे. पण त्याहून वेगळीच एक गोष्ट मला खाते. त्या दिवसापासून साडभाऊंनी एकही अर्ज लिहिलेला नाही. टेबलाटेबलावरची माणसं मला हसून विचारतात, तुमचे साडभाऊ बरे आहेत ना? परवा नांदुऱ्याला गेलो तेव्हा मीच म्हणालो, "भाऊ, माझ्या उत्तरावर अपील करा. नऊ महिने लेकरांपाशी कुणी आलं नाही, हे कुणीतरी विचारायला पाहिजे."

ते नातीच्या ताटात वरण वाढत होते. "तुमच्यावर कायले अपील करू गुरुजी," ते म्हणाले, "आपलं खोटं खोडून खरं लिहून देनारे तुमी एकटेच निंगाले."