बोलोन्यात पाळलेला नवस

आमचा मुलगा गोवराच्या तापानं गेला, तेव्हा तो नुकता भिंतीला धरून चालायला लागला होता. ताप उतरेना म्हणून मी डोणगावातल्या देवीपुढे जाऊन बोलले होते, "माह्यं लेकरू उठू दे. जन्मभर दूध-दही-तूप, अंडं-मटण तोंडाले लावनार नाही." बोलून घरी आले आणि त्याच संध्याकाळी तो गेला.

नवस फळलाच नव्हता, तर पाळायचा कशाला? सासूबाई हेच विचारायच्या. "देवीनं तुह्यं आयकलं नाही, मंग तू काऊन पाळून राह्यली?" मुलासाठी करण्यासारखं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं, पण हे मला कुणाला सांगता येत नव्हतं. कोरा चहा, भाकर, वरण. तेही दोन घासांच्या पुढे जाईना.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. माझे यजमान पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. कालव्यांची कामं बघायला त्यांना काही महिने इटलीतल्या बोलोन्या शहरात पाठवायचं ठरलं. बायकोला नेता येत होतं.

"चाल, हवापालट होईन तुले," ते म्हणाले.

मला कुठंच जायचं नव्हतं, पण त्या घरातही राहवत नव्हतं. मुंबईहून जहाजानं निघालो. वाटेत मी भात आणि केळी खाल्ली.

त्या शहरात लोणी, चीज आणि डुकराचं मांस यांच्याशिवाय पान हलत नव्हतं. पहिल्या दिवशी खानावळीत यजमानांनी हातवारे करून मांस नको म्हणून सांगितलं. वाढप्यानं मान डोलावली आणि हॅमच्या पातळ कापांची बशी आणून ठेवली. बहुधा एवढे पातळ काप त्याच्या हिशेबी मांसात येत नसावेत. यजमान हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. मी कोरड्या पावाबरोबर टोमॅटो खाल्ले.

आम्ही एका विधवा बाईच्या घरात वरच्या खोलीत राहत होतो. स्वयंपाक तीच करी. मांसाचं सारण भरलेल्या इवल्या पुरचुंड्या ती हातानं वळायची आणि मी बशी मागे सारली की तिचा चेहरा पडायचा. यजमानांनी तिला समजावल्यावर ती माझ्यासाठी मोठ्या पांढऱ्या दाण्यांची उसळ करू लागली, ऑलिव्हच्या तेलातली. सुरुवातीला तीही जाईना. मग एकाएकी तिला चव आली. मी पावाचा तुकडा बुडवून वाटी पुसून घ्यायला लागले. चेहऱ्यावर थोडं तेज आलं. कमानींखालच्या फरसबंदीवरून चालताना दम लागेनासा झाला. यजमान म्हणायचे, "पाह्य, मानवली हवा तुले."

एका दुपारी मी पाणी आणायला खाली गेले, तर बाई उसळीच्या पातेल्यात लोण्याचा मोठा गोळा सोडत होती. मला बघून तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. मग तिनं माझं मनगट दोन बोटांत धरून ते किती बारीक आहे ते मलाच दाखवलं आणि म्हणाली, "मारीतो, मारीतो." त्या भाषेत नवऱ्याला मारीतो म्हणतात, एवढं मी शिकले होते.

मी खोलीत जाऊन पलंगावर बसले. काही होईल म्हणून वाट पाहत होते, काय ते मलाही ठाऊक नव्हतं. नवस मोडला होता आणि काहीही झालं नव्हतं. होण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

यजमान आले.

"तुमी सांगतलं तिले लोणी टाकाले?"

"हाव."

"काऊन?"

त्यांनी कोटही काढला नव्हता. "माह्या डोळ्यासमोर मरून राह्यली होती तू. एकाले मातीत ठेवून आलो मी. तुले बी ठेवू काय?"

मुलगा गेल्यापासून आम्ही दोघं त्याच्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. त्या दिवशी मी विचारलं, "कुठं ठेवलं त्याले?" बायकांना तिकडे नेत नसत आणि मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

"आपल्याच वावरात. निंबाच्या अंगाले." त्यांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला. "माती पह्यले पायावर टाकली. तोंडावर टाकवेना. मंग बाबानं मले बाजूले केलं."

मी रडले. तेही रडले, भिंतीकडे तोंड करून. भांडण तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. लोण्याचं भांडं उचलून माझ्यादेखत वरच्या फळीवर ठेवलं आणि तेलाची बाटली माझ्या हातात दिली. उसळ मीच फोडणीला घातली. पुन्हा जेवण कमी होईल की काय, म्हणून यजमान ताटाकडे बघत होते. मी जेवले, पोटभर. त्यांनीही माझ्याच पातेल्यातलं वाढून घेतलं आणि तिथून निघेपर्यंत घरात ते तेच जेवत राहिले.

आम्ही परतलो तेव्हा वावरातल्या पऱ्हाटीवर कापूस फुटला होता. गावी आल्यावर सासूबाईंना न सांगता ते मला वावरात घेऊन गेले. मधल्या काळात नांगरणी झाली होती, वखर फिरला होता. कडुनिंबापाशी उभं राहून त्यांनी अंदाज घेतला, थोडे पुढे गेले.

"इथं," ते म्हणाले.

मग मागे वळून पाहिलं, दोन सऱ्या डावीकडे सरकले. "नाही. इथं असंन."

त्या दोन जागांच्या मध्ये, पऱ्हाटीच्या ओळीत मी खाली बसले. ते उभेच होते. थोड्या वेळानं तेही बसले.