ताडकळसला फायबर आलं तेव्हा

माझी थोरली बहीण परदेशात एका प्रयोगशाळेत काम करते. केसाएवढ्या काचेच्या तारेतून एकाच वेळी उजेडाचे कितीतरी रंग पाठवायचे आणि प्रत्येक रंगावर वेगळी माहिती चढवायची, हे तिचं संशोधन. आप्पांना त्यातलं फारसं समजत नसे. तरी ताडकळसच्या आमच्या कापडाच्या दुकानात, बाजाराच्या दिवशी, थान उलगडता उलगडता ते गिऱ्हाइकाला लेकीचं सांगायचेच.

मग आप्पा विसरायला लागले. आधी गिऱ्हाइकांची नावं, मग दुकानाचा रस्ता. आई गेलेली, घरात आम्ही दोघंच. ताईचा व्हिडिओ कॉल आला की चित्र अडकायचं, आवाज तुटायचा, आणि आप्पा नुसते बघत राहायचे.

"त्यांना ऐकू जाईना वाटतं," ताई म्हणायची. मीही नेटवर्कलाच बोल लावायचो. दोघांनाही ते बरं पडत होतं.

यंदा आमच्या गल्लीत फायबर आलं, तशाच काचेच्या तारेतून येणारं इंटरनेट. जोडणी झाल्या झाल्या ताईला कॉल लावला. चित्र इतकं स्वच्छ, की तिचे पिकायला लागलेले केस दिसले. आप्पा नुकतेच तळहातावर इष्टलिंग घेऊन रोजची लिंगपूजा करून उठले होते. तेवढं त्यांचे हात विसरले नव्हते.

"आप्पा, मी हाय. ओळखलं का?"

आप्पांनी टोपी सारखी केली. "कोणच्या गावच्या तुमी?"

"आप्पा, मी तुमची लेक."

"माझी लेक तिकडं परदेशात हाय. लय शिकली," ते तिलाच सांगू लागले. "पण तिचा फोनच येत न्हाई बघा."

ताईनं तोंडावर हात धरला. आप्पा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ह्या बाई रडायल्यात का?" तेही तिला स्पष्ट ऐकू गेलं.

दिवाळीला ती येऊन गेली. आप्पांनी तिला पाहुणीसारखं वागवलं. तिनं ताट वाढलं, तर अवघडून बसले. "तुमी कशाला तरास घेता," म्हणाले. ती निघाली तेव्हा दारापर्यंत आले आणि घरच्यांना नमस्कार सांगा म्हणाले.

परत गेल्यावर तिच्या गटाचा प्रयोग साधला. त्याच तारेतून आता आणखी पुष्कळ माहिती जाते म्हणे. तिनं हे सांगितलं ते कुणा तिऱ्हाइताची बातमी सांगावी तसं.

आता ती मलाच फोन करते, नुसत्या आवाजाचा. मी ओट्यावर येऊन बोलतो. आप्पा आत बसलेले असतात. ती त्यांचं काही विचारत नाही, मीही सांगत नाही.