काठ लागतो, ताई

स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात डबे संपतात आणि झाकणं उरतात. ती कोपऱ्यात साठत जातात. भाईंदर पूर्वेच्या आमच्या गाळ्यातले किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. नव्वद सालच्या आसपासचे.

*

डबे पुसणाऱ्या बायकांवर देखरेखीला शेठनी आधी एक बी.कॉम. मॅनेजर आणला. त्याने पहिल्याच दिवशी भिंतीवर कागद चिकटवला, ‘मेहनत हीच पूजा.’ अर्ध्या बायकांना वाचता येत नव्हतं, उरलेल्यांना वर बघायला वेळ नव्हता. आठ दिवसांत तो गेला.

शेठ मला म्हणाले, “बाई, अब तुम संभालो.”

मी पुसणाऱ्यांतलीच एक, चौथी पास. आधी तो कागद काढला, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. तेव्हा कुठे त्याचा उपयोग झाला.

*

शेठना कुणीतरी सांगितलं, कामगारांची तारीफ करा, काम वाढतं. लागले रोज प्रत्येकीला, “बहुत अच्छा, बहुत अच्छा.”

तिसऱ्या दिवशी उत्तनची फिलू माझ्या कानाशी आली. “बाय, गाला बंद होनार हाय काय? शेठ लय गोड बोलतोय.”

*

ही फिलू रोज उशिरा यायची. घरची मासळी वाळत घालून मग निघायची. मी ओरडून थकले. शेवटी गाळ्याची चावीच तिच्या हातात दिली. म्हटलं, “तू नाही आलीस तर सगळ्या बाहेर उभ्या.”

पुढच्या सोमवारी मला दहा मिनिटं उशीर झाला. फिलू दारात उभी. “बाय, घड्याल न्हाय काय तुझ्याकडं?”

*

सुनंदावर मात्र काही चालेना. नवघरला राहायची, नवऱ्याची गिरणी बंद, घर हिच्या एकटीच्या पगारावर. बाकीच्या दोन डबे पुसायच्या तेव्हा हिचा एक. शेठनी बजावलं, “दिवाली तक देखूँगा, फिर इसकी छुट्टी.”

मी तिच्या डोक्यावर उभी राहिले. “एवढं काय बघत बसतेस गं?”

“काठ लागतो, ताई. पोराबाळांचा हात कापेल.”

मी अंगठा फिरवून बघितला. खरंच लागत होता. दुसऱ्या दिवशी तिला पुसण्यावरून काढलं आणि तपासायला बसवलं. शेठना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते.

त्याआधी दर महिन्याला दुकानदारांकडून माल परत यायचा. दिवाळीपर्यंत एकही खोका परत आला नाही.

आमच्याकडे दिवाळीला सगळ्यात चांगल्या कामगाराला शेठच्या हातून मोठा डबा मिळतो, मशीनने नाव कोरलेला. त्या वर्षी नाव होतं सुनंदाचं. शेठनी स्वतः निवडून आणला होता डबा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सुनंदाने डबा घेतला. नाव बघितलंच नाही. झाकण काढलं, काठावरून अंगठा फिरवला आणि डबा नेऊन रिजेक्टच्या ढिगात ठेवला.